पुस्तकातली एकच मुलगी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती दूध आटण्याच्या आवाजानं. तापणाऱ्या दुधाचा आवाज वेगळा, उकळणाऱ्याचा वेगळा, आणि आटत आटत खव्याकडे वळू लागलं की बुडबुडे जड होतात, फदफद असा दमल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की ढवळायचा सराटा क्षणभरही थांबवायचा नाही, नाहीतर खवा बुडाशी लागतो. बाबा भट्टीपुढे पाटावर बसलेले असायचे, अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. माझी धाकटी बहीण सुकेशनी तेव्हा आतल्या खोलीत असायची. तिचा अभ्यास असायचा. 'तिचा अभ्यास आहे' हे वाक्य आमच्याकडे एवढ्या वेळा बोललं जायचं, की अभ्यास हा घरातला पाचवा माणूस आहे आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही सगळे हळू बोलतो, असं मला वाटायचं. ती हुशार होती हे मी कधी नाकारलं नाही. पण मीही काही ढ नव्हते. बारावीला मला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त होते. हे मी आजही विसरलेले नाही, आणि तिला ते कधीच आठवत नाही.

अकोल्याचं आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि मधे एक जाडा हिरवा पडदा. दुकान नवं होतं. त्याआधी वीस-बावीस वर्षं बाबा बाजारातल्या एका मोठ्या मिठाईच्या दुकानात कारागीर होते. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून ते पोरवयात आले, तेव्हा कढया घासायला राहिले होते. मग शेठजींनी त्यांचा हात ओळखला आणि भट्टीवर बसवलं. पण भट्टी मागे होती आणि बाबांनी यायचं-जायचं मागच्याच दारानं. गिऱ्हाईक पुढे बसायचं, बाबांच्या हातचे पेढे देवापुढे ठेवायचं, मुलीच्या साक्षगंधात वाटायचं, आणि ते कुणाच्या हातचे आहेत हे कुणी विचारायचं नाही. शेठजी सांगायचेही नाहीत. बाबांना त्यात वाईट वाटायचं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, 'पेढा चांगला झालता ना? मंग.' पुढे शेठजी थकले, मुलांनी दुकान काचेचं केलं, गार हवेची यंत्रं बसवली, बाहेरगावचे कारागीर ठरवून आणले आणि बाबांना हात जोडले. तो काळच तसा होता. मिल बंद पडली होती, सरकारी नोकऱ्या आटल्या होत्या, आणि आमच्या वस्तीतला जो तो काही ना काही टाकून पाहत होता. कुणी झेरॉक्स, कुणी पिठाची गिरणी. बाबांनी मिठाईचं दुकान टाकलं.

पाटी लिहायची वेळ आली तेव्हा ओळखीच्या एकानं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "श्रावणभाऊ, देवाचं एखादं नाव टाका, नाही तं राजस्थानी काहीतरी टाका. आपलं नाव मिठाईवर चालत नाही." बाबांनी ऐकून घेतलं आणि पेंटरला सांगितलं, 'श्रावण तायडे मिठाईवाले.' वीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं केलं, आता बस्स, एवढंच म्हणाले. मात्र पाटीवर नाव लावण्याची हिंमत होती त्यांना, गिऱ्हाइकासमोर उभं राहण्याची नव्हती. पुढे कुणी आलं की ते पडद्याआड जायचे. सारं आयुष्य मागच्या खोलीत काढलेला माणूस, पुढे कसं बोलावं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. माय तर मुलखाची अबोल. म्हणून बारावीनंतर मी गल्ल्यावर बसले. "थोडे दिवस बस व शीला, मंग जाजो कॉलेजात," असं माय म्हणाली होती. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

काउंटरमागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. लोकांची नजर आधी पेढ्यांवर जायची, मग पाटीवर, मग भिंतीवर. एक बाई मला अजून दिसते. चांगल्या घरची, हातात वायरची पिशवी. मी चवीला पेढा दिला. तिनं तोंडात टाकला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. बाबांचा पेढा पहिल्यांदा खाणारं माणूस असंच डोळे मिटायचं. "अर्धा किलो द्या," म्हणाली. मी तोलत होते, तेवढ्यात तिची नजर वर गेली. "अग बाई, आज माझा उपास," ती म्हणाली, "विसरलेच मी!" आणि गेली. पेढा तिच्या तोंडात तसाच होता. मी तराजूतले पेढे परत परातीत लावले. पडद्याची कड जरा हलली. बाबांनी ऐकलं होतं.

परक्यांचं मी समजू शकत होते. जीव जळायचा तो आपल्यांनी. वस्तीतली माणसं बुद्धपौर्णिमेला पाव किलो नेत, तोंडभर कौतुक करत. पण पोरीचं साक्षगंध ठरलं, कुणाला बढती मिळाली, की खोकं यायचं काचेच्या दुकानातलं, सोनेरी अक्षरांचं. पाहुण्यांसमोर ठेवायला ते बरं दिसे. बँकेतले ढोके साहेब आमच्या समाजमंदिराच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मुलाच्या लग्नाची मिठाई आमच्या दारावरून टेम्पोत भरून गेली. साहेबांनी टेम्पोतून हातही हलवला.

तोवर सुकेशनी अमरावतीला एम. ए. ला गेली होती, होस्टेलवर. दोन महिन्यांतून एकदा मी तिला डबा घेऊन जायची. बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरून बसायचं, शेव, बालुशाही, मायच्या हातची तिळाची चटणी. होस्टेलच्या फाटकापाशी ती मैत्रिणींच्या घोळक्यात यायची. ओढणी एका खांद्यावर, बोटाला शाई, आणि बोलणं बदललेलं. मैत्रिणींसमोर ती 'मला, तुला' म्हणायची, माझ्याशी एकटी असली की 'मले, तुले'. त्या तिच्या कविता पाठ म्हणून दाखवायच्या. एक जण मला म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान, अशी बहीण!" मी हसले. तिच्या खोलीतल्या टेबलावर एक दिवा होता, फक्त तिच्यासाठी. हिरव्या काचेचा. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या दिव्याचाच विचार करत होते. मला कविता करायच्या नव्हत्या. मला तो दिवा पाहिजे होता, आणि कुणीतरी 'तिचा अभ्यास आहे' म्हणून माझ्यासाठी हळू बोलायला पाहिजे होतं.

अशाच एका भेटीत मी तिला बाबांच्या हाताचं सांगितलं. त्या आठवड्यात पाक उसळून त्यांचं मनगट ते कोपर भाजलं होतं. तसेच बसून त्यांनी ती कढई उतरवली, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच वस्तीबाहेरच्या एकाची मोठी ऑर्डर होती. रात्री मी मलम लावताना ते म्हणाले होते, "हात कसाही असो व, पेढा गोरा झाला पायजे." हे सांगताना मी रडले. सुकेशनी रडली नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, मलम कोणतं होतं, बाबा कुठल्या बाजूला कलून बसले होते, नेमकं काय म्हणाले. मला बरं वाटलं. वाटलं, घरची किती ओढ आहे हिला.

वर्षभरानं तिचं पुस्तक आलं. लहानसं होतं, बाबांवर. अमरावतीच्या एका संस्थेनं त्याला बक्षीस दिलं. पेपरात फोटो आला. मी ते पुस्तक काउंटरखाली ठेवून दुपारी वाचलं, गिऱ्हाईक नव्हतंच. चांगलं होतं. हे लिहिताना अजूनही बोटं आखडतात, पण चांगलं होतं. मागचं दार होतं, पाटी होती, उपासाची बाई होती. पाक उसळला होता, हात भाजला होता, आणि रात्री बाबांच्या हाताला मलम लावत त्यांची मुलगी बसली होती. 'मी' बसली होती असं लिहिलं होतं. मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. पूर्ण पुस्तकात बाबांना एकच मुलगी होती. ती भट्टीशी बसत होती, गल्ल्यावर बसत होती, आणि वर कविता करत होती. शीला नावाचं कुणी त्या घरात जन्मालाच आलं नव्हतं.

पुस्तक मी परत काउंटरखाली ठेवलं. आतून मात्र खवा खाली लागावा तशी मी करपत होते, आणि तेवढ्यात समाजमंदिरात तिचा सत्कार ठरला. वस्तीतल्या घराघरानं पुस्तक विकत घेतलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही घेऊन तसबिरीखाली ठेवलं. सत्काराच्या दिवशी बाबा पहिल्या रांगेत होते, धुतलेला पांढरा सदरा, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. ढोके साहेब बोलायला उभे राहिले. "आपल्या लेखकाचं पुस्तक आपणच विकत घेतलं पाहिजे," ते म्हणाले, "आपल्या माणसाच्या पाठीशी आपण उभं राहायचं नाही, तर कोण राहील?" टाळ्या कडाडल्या. मग पेढे वाटायला खोकी आली. सोनेरी अक्षरांची.

माझ्या हातात पेढा आला तेव्हा मी उभी होते. कशी उभी राहिले, आठवत नाही.

"साहेब, एक विचारू का?"

"विचार ना बेटा."

"पुस्तक आपल्या मानसाचं घ्या म्हन्ता तुमी. मंग पेढे काहून त्याइच्या दुकानातले? ज्याच्यावर पुस्तक लिवलं तो मानूस हा इथं बसून हाये. त्याचं दुकान शंभर पावलावर हाये. पुस्तकातला हलवाई चालते तुमाले, खरा नाई चालत का?"

ढोके साहेब खोक्याकडे पाहू लागले, जणू ते कुणी आणलं हे त्यांनाही कोडं होतं. मागून एक बाई पुटपुटली, "पाहुणे होते बाहेरचे, डब्बा बरा दिसते..." आणि तिचं वाक्य तिथंच विरलं. व्यासपीठावर सुकेशनी हार गळ्यात घालून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो पाहून माझ्या पोटात जे थंड झालं, ते मी आज कबूल करते. मी बाबांसाठी बोलले असं वस्तीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मला त्याबद्दल मान मिळतो. खरं असं आहे की जे बोलले ते बरोबर होतं, पण बोलले ते तिचा दिवस नासवायला. बाबांनी मात्र पेढ्याचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला होता. शांतपणे म्हणाले, "साखर घाईनं टाकली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बस खाली, शीला."

घरी आल्यावर सुकेशनीनं हार काढून खुंटीला अडकवला.

"आजच बोलाचं होतं तुले?"

"मंग कवा बोलाचं?"

"तुले बाबाचं दुखते का माहं सुख दुखते? तेवढंच सांग मले."

मी भांडी घासायला बसले. उत्तर दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती अमरावतीला गेली, आणि मग आठ-नऊ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. माय एसटीडी बूथवरून तिला फोन लावायची, तेव्हा मी बाहेर उभी राहायची.

बाबा मला एवढंच म्हणाले, "आता येतीन लोकं. लाजेनं येतीन. लाजेचं गिऱ्हाईक आठ दिवस राह्यते." तसंच झालं. आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोके साहेबांनी स्वतः येऊन मंडळाची ऑर्डर दिली आणि माझ्या नजरेला नजर न देता गेले. नंतर हळूहळू सगळं ओसरलं. काही जण मात्र टिकले, चवीनं टिकले, आणि खरं सांगायचं तर त्यात ढोके साहेबही होते. आजकाल मोबाईलवर रोज निरोप येतात, आपल्या माणसाच्या दुकानातून घ्या, आपल्या लेखकाचं पुस्तक विकत घ्या, पुढे पाठवा. मीही पुढे पाठवते. पाठवताना मला ते समाजमंदिर आठवतं आणि वाटतं, निरोप पाठवायला बोट लागतं, खोकं आणायला चालत जावं लागतं.

पण दुकान वाचलं ते माझ्या बोलण्यानं नाही, हे मला सोसायचंच होतं. दुकान वाचवलं सुकेशनीच्या पुस्तकानं. आधी अमरावतीहून दोन प्राध्यापक आले, मग नागपूरची पोरं, मग कुठून कुठून माणसं यायला लागली, झोळीत पुस्तक. "हेच का ते दुकान?" म्हणत पाटीखाली उभी राहून फोटो काढायची. पेढे किलोकिलोनं न्यायची, घरी जाऊन दुसऱ्यांना सांगायची. वस्तीबाहेरचीही यायची. ज्यांना उपास नव्हते अशी. मी आठ दिवसांचं गिऱ्हाईक आणलं, तिनं आयुष्यभराचं. मी सहा वर्षं गल्ल्यावर घासली, ती एकदा टेबलाशी बसली.

एके दिवशी दुपारी एक जोडपं आलं, पुण्याचं असावं. बाईंनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"सुकेशनीताई का तुम्ही?"

"नाही."

"मग आपण कोण त्यांच्या? त्यांच्या वडिलांना तर ही एकच मुलगी ना?"

मी खोक्याला दोरा बांधत होते. दोरा तोडला आणि म्हणाले, "मी कामाले हाये इथं."

मागे सराट्याचा आवाज थांबला. खवा भट्टीवर असताना बाबांनी सराटा थांबवलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता. पडदा सरला आणि बाबा बाहेर आले, बनियनवर, पंचा खांद्यावर, भाजलेला हात उघडा. गिऱ्हाइकासमोर ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी पुण्याच्या बाईंना नमस्कार केला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, खव्याचा वास येणारा.

"हे माही थोरली पोरगी, शीला," ते म्हणाले. "पुस्तक लहानीनं लिवलं. दुकान इनं चालवलं. माह्या हाताले मलम इनं लावलं. पुस्तकात चुकलं ते."

बाई गोंधळल्या, पुण्याचे गृहस्थ पेढ्यांकडे बघू लागले. आत खवा पुरा लागला होता, जळका वास पुढपर्यंत आला. बाबा गेले नाहीत. त्या दिवसापासून ते पुढे बसायला लागले, सुरुवातीला संध्याकाळी तासभर, मग जास्त. भट्टी मी घेतली.

सुकेशनी आली ती पुढच्या बुद्धपौर्णिमेला. बाबांनी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. मी भट्टीपुढे होते. ती न विचारता शेजारी बसली, नव्या साडीनिशी, आणि माझ्या हातातून सराटा घेतला. मीही देऊन टाकला. बराच वेळ ती ढवळत होती, चुकीच्या बाजूनं, कडेकडेनं, बूड न खरवडता. मला दिसत होतं. मी तसंच ढवळू दिलं.

"काहून वगळलं मले?" शेवटी मीच विचारलं.

तिनं सराटा कढईच्या कडेला टेकवला. मग म्हणाली, "दोनदा लिवलं होतं तुले. तू आली का मी वाईट दिसाची. तू भट्टीजवळ, अन मी हिरव्या दिव्याखाली. मले ते वाचवे ना. मंग तुह्या जागी मीच बसली."

हे ऐकून माझा हेवा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिचं नवं पुस्तक आलं की आजही तो उसळतो, आणि तरी दर वेळी पंचवीस प्रती मी काउंटरवर ठेवते, पेढ्याबरोबर विकते. त्या दिवशी मात्र एक झालं. कढईतून धूर यायला लागला.

"शीला, लागला का व?" ती घाबरून म्हणाली.

"लागला," मी म्हटलं. एवढ्या समाधानानं मी आयुष्यात दुसरा शब्द उच्चारला नसेल. तिला ते कळलं. आधी ती चिडली, मग तिला हसू फुटलं, मग मलाही. वरचा चांगला खवा मी काढून घेतला, कढई खाली उतरवली, आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी बुडाची करपलेली खरवड काढून खात बसलो, कडू-गोड, दातांना चिकटणारी. पुढे बाबा कुणाला तरी मोठ्यानं भाव सांगत होते. सुकेशनीनं बोट चाटलं, कढईकडे, माझ्याकडे, पुढून येणाऱ्या त्या आवाजाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे तसे झाले जसे होस्टेलवर मलमाचं नाव विचारताना झाले होते.

"शीला," ती म्हणाली, "हे लिवू का मी?"

"नाई," मी म्हटलं. "हे मी लिवीन."